पहिला पाय

"तुम्ही चोर आहात, साहेब. माझ्या बापाचं आडनाव चोरलंत, आणि आता बाप मेला तर पाय लपवताय."

एवढं बोलून सोइला बातानेरोनं हातातलं मातीचं मडकं नगराध्यक्षाच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच. टेबलाची काच वाजली. मडकं रिकामं होतं, तरी नगराध्यक्षानं खुर्ची मागे सरकवली. असल्या मडक्यात काय साठवतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याची आजी जन्मभर रोज सकाळी असलंच मडकं उंबऱ्याबाहेर ठेवत आली होती.

"बसा तरी, सोइलाबाई. तायता निकानोर गेले ते आत्ताच कळलं. सगळ्या गावाचे तायता, बापच होते ते."

"पहाटे गेला. मी बसायला आले नाही."

नगराध्यक्षाच्या खुर्चीच्या पाठीवर डोक्यातून घालायचा निळा पोंचो टाकलेला होता. लोकरीचा, घट्ट, पाणी ओतलं तरी थेंब घरंगळून जावा असा. सोइलानं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर तिथंच ठेवली. नगराध्यक्षानं ते पाहिलं. त्याचा हात पोंचोच्या कडेपाशी गेला आणि परत आला.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड म्हणजे चाळण. वरच्या माळावरून जो वारा या गावात उतरतो त्याला ते अडवत नाही. ते डोणीत घालायचं, वर ऊन पाणी आणि घराघरातून जमवलेलं शिळं मूत ओतायचं, आणि अनवाणी पायांनी तुडवत राहायचं. धागा धाग्याला चावा घेईपर्यंत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरानं केलं, म्हणून त्या घराचं आडनाव बातानेरो, म्हणजे तुडवणारे. विणकरांना मान मिळाला, रंगाऱ्यांना पैसा मिळाला, बातानेरोंना वास मिळाला. शाळेत सोइलाच्या शेजारी कुणी बसत नसे. आणि आता तेच आडनाव चौकात माणसाहून उंच लाल अक्षरांत उभं आहे. बाहेरून आलेली माणसं त्या अक्षरांना टेकून फोटो काढतात. बातानेरो हॉटेल, बातानेरो बिस्किटं, बातानेरो महोत्सव. मूत तेवढं गाळून टाकलं.

"काय हवं ते मागा," नगराध्यक्ष म्हणाला. "नगरपालिकेचा बँड देतो. झेंडा देतो. चांगली पेटी देतो."

"बातानेरोला पेटी नसते. कांबळं असतं."

"रस्त्याला त्यांचं नाव देऊ."

"नावं ठेवा तुमच्याकडे. नावांचा ढीग झालाय. डोणी द्या."

डोणी म्हणजे अख्ख्या खोडातून कोरलेली, तीन माणसं उभी राहतील एवढी. ती संग्रहालयात होती, भोवती जाड दोरी बांधलेली. पाहुण्यांना वास येतो म्हणून तुडवणीच बंद करायची नोटीस याच कार्यालयातून निघाली होती, आणि पुढच्याच महिन्यात याच कार्यालयानं डोणी मागून नेली होती. म्हातारा तेव्हा हसला होता. म्हणाला होता, मला उचलून नेण्यापेक्षा डोणी हलकी आहे, न्या.

"डोणी उद्या सकाळी दाराशी," नगराध्यक्ष म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "आणि नोटिशीचं मी बघतो. एक दिवस कोण बोलतंय."

"आणि पाय?"

नगराध्यक्षानं फोन उचलून उलटा ठेवला.

रिवाज दोघांनाही ठाऊक होता. बातानेरोच्या मढ्यावरचं कांबळं बातानेरोच्या पायांनी तुडवायचं नाही. ज्यांचं कापड त्यानं जन्मभर तुडवलं ते येतात, आपापल्या घरचं मडकं घेऊन येतात, आणि त्या एका दिवशी ते त्याच्या डोणीत उतरतात. पहिला पाय त्याचा, ज्याचं कापड मेलेल्यानं सगळ्यांत शेवटी तुडवलं. तो उतरल्याशिवाय दुसऱ्या कुणी उतरायचं नाही. आणि निकानोरनं शेवटचं कापड तुडवलं ते तो निळा पोंचो. महोत्सवाच्या उद्‌घाटनाला नगराध्यक्षाला घालायला हवा होता म्हणून. नोटीस होती, तरी, डोणी नेण्याच्या आधी. त्या दिवसांत म्हातारा गुडघे धरून डोणीत उतरायचा आणि सोइला त्याला काखेतून धरून बाहेर काढायची.

"उद्या राजधानीची माणसं येतायत," नगराध्यक्ष म्हणाला. "मी त्या वासात उभा राहून..."

"दोन्ही पाय नकोत. एक दिलात तरी चालेल."

त्यानं हसायचा प्रयत्न केला. सोइला हसली नाही. मडकं उचलून ती निघाली, आणि दारातून मागे न बघता म्हणाली, "उद्या सकाळी पाणी तापवून ठेवते."

त्या दुपारी ती मडकं घेऊन दारोदार फिरली. आईच्या काळात हे फिरणं रोजचं होतं, तेव्हा मडकी बाहेर तयार असायची. आता घराघरात संडास, दाराला घंटी.

रोसाउराचं पोंचोंचं दुकान चौकात होतं. दोघी एका वर्गात होत्या. नाक दाबून बसणाऱ्यांत रोसाउरा पहिली, आणि सोइलाच्या मुलीची धर्ममाताही तीच, म्हणून एकमेकींच्या कोमाद्रे. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, अस्सल बातानेरो.

"कोमाद्रे, मडक्यात काही देशील का?"

"अगं, आता कुठं साठवतो आपण. सगळं वाहून जातं."

"मग आज दुपारचं वाहू देऊ नकोस."

रोसाउरानं गिऱ्हाईक ऐकतंय का ते वळून पाहिलं आणि सोइलाला खांद्याला धरून दाराबाहेर आणलं. "तू काळजी करू नकोस. तुझ्या तायतानं माझ्या नवऱ्याचं लग्नाचं कापड तुडवलंय, मी विसरेन का? पहिला पाय पडू दे. मग बघ, अख्खी गल्ली उतरते."

हॉटेलवाला तरुण होता, चांगला होता. त्यानं सोइलाला कॉफी दिली, तायताला आठवून डोळेही पुसले. मग म्हणाला, "मावशी, साबणाची पावडर चालणार नाही का? माझ्याकडे फुलांच्या वासाची आहे."

"तुझा बाप मरेल तेव्हा वापर."

"तसं नाही हो. पाहुणे आहेत वरच्या मजल्यावर. पण मी येणार. पहिला पाय पडला की निरोप धाडा."

हेच सगळीकडे. कुणी नाही म्हणालं नाही. दारं उघडली, तोंडं उतरली, छातीवर क्रूस काढले गेले. पहिला पाय पडू दे. संध्याकाळी गल्लीच्या वरच्या टोकाला पोचली तेव्हा मडक्यात तळ झाकेल इतकंच जमलं होतं.

तिथं डॉन मेल्चोर उंबऱ्यात चाकाच्या खुर्चीत बसला होता. गावातला सगळ्यांत म्हातारा विणकर. साखरेच्या आजारानं त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेले. अंगावर तपकिरी पोंचो, कडा झिजून दोऱ्या लोंबलेला.

"आली का मुतरी?" लांबूनच ओरडला. सोइला सात वर्षांची असल्यापासून तो तिला हेच म्हणत आला होता.

"आले, लंगड्या."

"लंगडा कसला? लंगड्याला एक तरी असतो." त्यानं मडकं मागून घेतलं आणि खुर्ची वळवून आत गेला. परत आला तेव्हा मडकं जड होतं. "घे. साखर आहे हं त्यात. तुझ्या बापाला मुंग्या लागतील."

सोइलाच्या तोंडून हसू फुटलं. त्या दिवसातलं पहिलं. मग ती तिथंच पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मेल्चोरनं तिच्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या, जनावराला मारतात तशा.

घरी भाऊ आला होता. विल्सन. राजधानीहून बसनं, काळ्या सुटात. अठराव्या वर्षी गाव सोडताना त्यानं बापाचं आडनाव टाकून आईचं लावलं होतं. बातानेरो म्हणून कुणी नोकरी देत नाही, म्हणाला होता. चौकात लाल अक्षरं लागली त्या वर्षी ते आडनाव परत त्याच्या नावापुढे आलं, छापील कार्डावर, सोनेरी. म्हातारा ते कार्ड पत्र्याच्या डबीत जपून ठेवायचा.

विल्सननं बापाच्या कपाळाला ओठ टेकले. मग सोइलानं सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू त्यांना चोर म्हणालीस? समोर? थांब, मी जाऊन बोलतो."

"बोल. पाय आणलास तर बरं होईल."

तो गेला आणि जेवायच्या वेळी आला. "होईल सगळं नीट," एवढंच म्हणाला, आणि मक्याचे दाणे एकेक करून खात बसला.

सकाळी ट्रकमधून डोणी आली. तिला चकचकीत रोगण लावलं होतं आणि पुढच्या बाजूला पितळी पट्टी ठोकली होती. सोइलानं कोयत्याच्या टोकानं पट्टी उचकटली. पेटीतून तिनं कच्चं कांबळं काढलं. बातानेरो आपलं कांबळं चाळिशीतच विणून घेतो आणि कच्चंच ठेवतो. निकानोरचं पांढरं होतं, मेल्चोरच्या मागावरचं. उजेडापुढे धरलं की पलीकडची चूल दिसायची.

पाणी तापलं. मडकं ओतलं. अंगणात तो वास पसरला आणि सोइलाला वाटलं, आत्ता बाप आतून खोकेल.

गल्लीत लोक जमले. भिंतीला टेकून, हातांची घडी घालून. बायकांनी घागरे जरा वर खोचून तयारीही केली होती. सगळे चौकाच्या बाजूला पाहत होते.

नगराध्यक्षाची गाडी आली. ड्रायव्हर एकटा उतरला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं दाराशी दगडावर ठेवलं आणि कागद सोडला. निळा पोंचो. इस्त्री केलेला.

भिंतीला टेकलेले सरळ झाले.

रिवाजाला आणखी एक शेपूट होतं. ज्याला पायाचं देणं नको, त्यानं कापड परत करावं. दाराशी ठेवावं, काही न बोलता जावं. मग तो मोकळा, आणि पहिला पाय त्याच्या आधी ज्याचं कापड तुडवलं त्याच्यावर जातो. म्हातारे हे सांगायचे, पण असं कुणी केल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. मेलेल्याच्या दारात ऊब परत टाकायची? माणूस एवढा खाली जाईल असं रिवाज करणाऱ्यांनाही वाटलं नसावं. त्यांनी आपली एक फट ठेवली होती, इतकंच.

"साहेबांनी सांगितलंय, ठेवायचं आणि काही बोलायचं नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"मग बोलतोस कशाला?"

"चुकलं." तो घामाघूम झाला होता. "माझ्यावर रागावू नका, सोइलाबाई. मला कुठं माहीत होता हा परत करायचा रिवाज? साहेबांनाही नव्हता. तुमच्या भावानंच काल सांगितला त्यांना."

विल्सन चुलीपाशी उभा होता. सोइला त्याच्याकडे वळली.

"मार्ग काढला मी," तो म्हणाला. "त्यांचाही मान राहतो, आपलाही रिवाज राहतो. आता पुढचा जो असेल तो उतरेल. काय बिघडलं?"

"काय देतायत तुला?"

"तसं काही नाही."

"विल्सन."

"संग्रहालय," तो म्हणाला. "प्रमुख करतायत मला. बातानेरोच हवा म्हणाले."

सोइलानं मान हलवली, जणू कुणी भाजीचा भाव सांगितला. मग ती गल्लीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "साहेब मोकळे झाले. आता रोसाउराचा नवरा. गेल्या वर्षी त्याचा काळा पोंचो परत तुडवून दिला होता तायतानं. चल रे बाबा, काढ चपला."

रोसाउराच्या नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. रोसाउरानं डोणीकडे, डोणीतल्या पिवळ्या फेसाकडे. मग ती खाली बघत नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यातून पोंचो काढला. बाळाचं अंगडं काढतात तसा. दगडावरच्या निळ्या पोंचोवर तो ठेवला. जाताना ती सोइलाच्या जवळून गेली.

"दुकान आहे गं माझं," ती पुटपुटली.

पहिलाच काय तो कठीण होता. त्यानंतर हॉटेलवाला, डोळे पुसत. मग पाववाला. मग शाळामास्तर, जो मुलांना बातानेरो या शब्दावर निबंध लिहायला लावतो. दुपारभर पहिला पाय गल्लीतून वर वर चढत राहिला. ज्याच्या दारी पोचायचा तो पोंचो घेऊन खाली यायचा, दगडावर ठेवायचा, न बोलता जायचा. रिवाज मात्र काटेकोर पाळला या पुढच्या सगळ्यांनी. एक शब्द कुणी बोललं नाही. दगड पुरेना तेव्हा भिंतीवर ठेवले. काहींनी घड्या घातल्या होत्या. सोइला प्रत्येक पोंचो ओळखत होती. कुठल्या वर्षी तायताचा कुठला अंगठा सुजला होता तेही तिला त्या कापडांवरून आठवत होतं. विल्सन मध्येच कधीतरी उठून गेला. पाणी निवलं. तिनं परत तापवलं.

ऊन उतरताना वरून चाकांचा खडखडाट आला. मेल्चोरची नात त्याची खुर्ची उतारावरून धरून आणत होती. अंगावर तोच तपकिरी पोंचो.

"खालून सगळे सुटले म्हणतात," मेल्चोर म्हणाला. "आता कुणावर आलाय?"

सोइला चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली.

"सांग की. माझं कापड तुझ्या बापानं तुडवलं तेव्हा त्याला मिशी नव्हती. माझ्या आधीचं कोण आहे? कुणी नाही. म्हणजे पहिला पाय माझा." त्यानं डोणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांड्यांकडे. "बातानेरोंचं नशीबच हे. शेवटी पाय मिळाला तो असा."

"डॉन मेल्चोर, तुम्ही परत केलात तरी..."

"गप. हे काढलं तर मी आत उघडा आहे. पुढं ढकल मला."

नातीनं खुर्ची डोणीला टेकवली. म्हाताऱ्यानं बाह्या सरकवल्या, वाकला, आणि दोन्ही मुठी त्या पाण्यात घातल्या. कांबळ्याचं एक टोक धरून तो कणीक मळावी तसा मळू लागला. श्वास लागला की थांबायचा, शिव्या द्यायचा, परत मळायचा. शिव्या निकानोरला. एवढ्या लवकर मेलास म्हणून, एवढं लांब कांबळं विणायला लावलंस म्हणून. सोइलाला हात लावायची मुभा नव्हती. ती नुसती ऊन पाणी ओतत राहिली.

दिवस मावळला तेव्हा वीतभर कोपरा घट्ट झाला होता. बाकी सगळी चाळण.

"एवढंच जमलं," मेल्चोर म्हणाला. त्याची बोटं वळलेली तशीच राहिली होती, सरळ होत नव्हती. नातीनं ती आपल्या काखेत धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनाला सगळं गाव आलं. न यायला काय झालं? बँड आला, झेंडा आला. विल्सन झेंड्याशेजारी उभा होता. स्मशान गावाच्या वर, उघड्या टेकाडावर, आणि त्या दिवशी वारा असा की मेणबत्ती पेटत नव्हती. बातानेरो पुरताना गाव त्यानं तुडवलेलं कापड घालून येतं. गाव नायलॉनच्या जाकिटांत आलं होतं. काहींनी आत दोन दोन शर्ट घातले असावेत. मुलं आयांच्या घागऱ्यांत शिरली होती. पोंचो एकच होता, तपकिरी, चाकाच्या खुर्चीत.

खड्ड्याशी पोचल्यावर लोक थबकले. खड्ड्याच्या तळाशी माती दिसत नव्हती. निळा, त्यावर काळा, राखी, लाल पट्ट्यांचा, एकावर एक, नीट पसरलेले. या कडेपासून त्या कडेपर्यंत गादी झाली होती. रोसाउरा पुढे झाली, तिचा हात पुढे आला, आणि तिथंच राहिला.

"अगं, चांगला आहे गं तो अजून," ती म्हणाली.

"म्हणूनच घातला," सोइला म्हणाली.

निकानोरला कच्च्या कांबळ्यात गुंडाळून उतरवलं. घट्ट कोपरा सोइलानं त्याच्या पायांवर घेतला होता. कांबळं इतकं विरळ होतं की आतला त्याचा हात बाहेरून कळत होता, छातीवर ठेवलेला.

नगराध्यक्षानं कागद काढला. वाऱ्यानं तो फडफडत होता, म्हणून त्यानं दोन्ही हातांनी धरला. अंगात पातळ काळा कोट होता.

"बातानेरो म्हणजे काय?" त्यानं वाचलं. "बातानेरो म्हणजे श्रम. बातानेरो म्हणजे आपल्या गावाची ओळख. बातानेरो म्हणजे..." वारा आला. त्याचे खांदे कानांपाशी गेले. दात एकमेकांवर आपटलेले पुढच्या रांगेला ऐकू आले. "बातानेरो म्हणजे ऊ... ऊब."

"साहेब," सोइला म्हणाली.

बँडवाल्यानं वाद्य खाली केलं.

"थंडी वाजते का?"

नगराध्यक्षानं कागदात पाहिलं. तिथं ते लिहिलेलं नव्हतं. मग त्यानं विल्सनकडे पाहिलं, आणि विल्सननं खड्ड्याकडे.

"आज हवाच जरा..." नगराध्यक्ष म्हणाला.

"हवेचं नाही विचारलं मी." सोइलानं हातातली मूठभर माती तशीच धरून ठेवली होती. ती टाकल्याशिवाय दुसऱ्या कुणाला टाकता येत नव्हती, आणि कुणाला जाताही येत नव्हतं. "तुम्हाला वाजते का? मी थांबलेय. हो की नाही, ते बोला."